४७ ए/१५ : आपल्याच डोंगराचा नकाशा

वसईजवळच्या सोपाऱ्याला अक्षांश-रेखांश मिळाले ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आणि तेही दूर अलेक्झांड्रियात. टॉलेमीच्या भूगोलग्रंथात या बंदराचं नाव आकड्यांसकट येतं. टॉलेमी इकडे कधी फिरकला नव्हता. खलाशी आणि व्यापारी सांगत ते, आणि आधीच्या भूगोलकारांनी लिहून ठेवलेलं, एवढ्या भांडवलावर त्यानं गणित मांडलं. त्याचे आकडे आजच्या गोलावर ठेवले तर सोपारा शेकडो किलोमीटर दक्षिणेला घसरतो. तरी मोठी गोष्ट घडली होती. गावाची जागा दोन आकड्यांत सांगता येते, आणि ती सांगायला त्या गावात राहावं लागत नाही, हे तेव्हाच ठरून गेलं.

वसई-विरार पट्ट्याचं मोजमाप पुढेही बाहेरच्यांनीच केलं आणि ते इथल्या माणसाच्या हाती क्वचितच पडलं. आज वसईतली ट्रेकर पोरं पावसाळ्याच्या तोंडाशी विचारतात की तुंगारेश्वरच्या रानात न्यायला, डोंगराच्या उंचसखलपणाचा नकाशा दाखवणारा पण खिशाला परवडणारा जीपीएस कुठला घ्यावा. वरवर हा दुकानातला प्रश्न आहे. त्याचं निम्मं उत्तर मात्र इतिहासात आहे, म्हणून आधी तिकडे वळू.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली. चार-पाच वर्षांतच दों जुआंव द कास्त्रो हा दर्यावर्दी गोव्याहून दीवपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं गेला. खाड्यांची मुखं, पाण्याची खोली, समुद्रातून खुणेला येणारे डोंगर हे सगळं त्यानं टिपलं. १६३५ मध्ये अंतोनियु बोकारु यानं पूर्वेकडच्या पोर्तुगीज किल्ल्यांचं वर्णन राजासाठी लिहिलं. त्यातले आराखडे पेद्रू बारेतु द रेझेंद याचे, आणि त्यांत वसईचा कोटही आहे. ग्रंथ राजासाठी होता. पापडीच्या किंवा आगाशीच्या माणसानं तो पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

मराठ्यांची १७३७ ते १७३९ ची मोहीम उभी राहिली ती मात्र वेगळ्याच जातीच्या नकाशावर. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांना हा मुलूख पायाखालचा होता, आणि चिमाजी अप्पांच्या फौजेला अशाच माणसांचा आधार होता. खाडी कुठे उतरता येते आणि भरती कधी भरते, हे कुणी कागदावर लिहीत नव्हतं. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. त्या विजयाबद्दल आपण तोफा, सुरुंग आणि शौर्य यांवर भरपूर बोलतो. वाट ठाऊक असलेल्यांवर फार कमी बोलतो.

मग येतं १८०२. त्या वर्षीच्या १० एप्रिलला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी इंग्रज मोजणीदार विल्यम लॅम्बटननं जमिनीवर साखळी टाकून पायारेषा मोजायला घेतली. ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानं वसईत इंग्रजांशी तह केला. दोन्ही घटनांचा आपसात काही संबंध नव्हता. पण सोळा वर्षांत पेशवाई संपली आणि लॅम्बटनच्या मोजणीच्या त्रिकोणांना दख्खन मोकळं झालं. कोन मोजायचा सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवत हा माणूस वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्याच हिंगणघाटात वारला. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे एव्हरेस्टनं १८३० मध्ये मांडले, त्यांवर भारताचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षं बेतले गेले. हे आकडे पुढे आपल्या जीपीएसच्या आड येणार आहेत.

या सगळ्या खटाटोपातून अखेर जो कागद तयार झाला तो म्हणजे सर्वेक्षण विभागाची टोपोशीट. आपल्या पट्ट्याच्या शीटचा नंबर ४७ ए/१५. नव्या मालिकेत तिलाच ई४३ए१५ म्हणतात. १९ अंश १५ मिनिटं ते १९ अंश ३० मिनिटं उत्तर, ७२ अंश ४५ मिनिटं ते ७३ अंश पूर्व. प्रमाण १:५०,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. दर २० मीटर उंचीला एक तपकिरी रेषा, म्हणजे कंटूर. वसईचा किल्ला, विरारची जीवदानी, तुंगारेश्वर, कामणदुर्ग आणि खाडीपलीकडचं घोडबंदर, सगळं या एका कागदात बसतं. वसई-विरारच्या माणसानं आयुष्यात एकच नकाशा घ्यायचा ठरवला तर तो हाच.

आणि तोच त्याला मिळत नसे. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकातल्या संरक्षण खात्याच्या आदेशांनंतर, सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटर आतपर्यंतच्या टोपोशीट ‘प्रतिबंधित’ झाल्या. नकाशात ८० किलोमीटर मोजून पाहा. वसई, पालघर, ठाणे तर सोडाच, पार माहुलीपर्यंतचे डोंगर त्यात येतात. कोकणात राहणाऱ्याला आपल्या घरामागच्या डोंगराचा नकाशा मागायचा तर सरकारी काम दाखवावं लागे, हमीपत्र द्यावं लागे. शत्रूला कळू नये म्हणून ही तजवीज. शत्रूकडे उपग्रह आले तरी ती चालूच होती. नुकसान झालं ते कॉलेजातल्या पोरांचं, गिर्यारोहण संस्थांचं आणि गावातल्या शिक्षकांचं. सह्याद्रीत भटकणाऱ्या दोन-तीन पिढ्या हातानं काढलेल्या आराखड्यांवर, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर आणि पाड्यावरच्या वाटाड्यावर निभावल्या. हरीश कापडियांच्या किंवा आनंद पाळंदे यांच्या सह्याद्रीवरच्या पुस्तकांना या मंडळींत एवढा मान मिळाला त्याचं एक कारण हेही आहे. वाटाड्या घेण्यात वाईट काहीच नाही, उलट तो घ्यावाच. पण कंटूर वाचायची सवय जी शाळेच्या भूगोलात लागायला हवी होती, ती आपल्याकडे रुजली नाही, आणि याचा दोष मी त्या ८० किलोमीटरच्या पट्ट्याला देतो.

कोंडी फुटली ती आकाशातून. अमेरिकेनं जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला, तो लष्करासाठी. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं, तेव्हा रेगन सरकारनं ही यंत्रणा नागरिकांनाही खुली करण्याचं जाहीर केलं. १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीनं हातात धरायचा पहिला जीपीएस बाजारात आणला. किंमत तीन हजार डॉलरच्या घरात, आणि नकाशा नाही. पडद्यावर नुसते आकडे. शिवाय नागरी वापरासाठीचे संकेत अमेरिका मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. जंगलात शंभर मीटर म्हणजे पायवाट एकीकडे आणि तुम्ही नाल्यात. २ मे २००० पासून हा बिघाड बंद झाला आणि चूक दहा मीटरच्या आसपास आली.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट झाली, जिची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही. ‘एंडेव्हर’ या अवकाशयानानं अकरा दिवसांत रडारनं पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, आणि तो साठा पुढे सगळ्यांना फुकट मिळाला. तुंगारचा उठाव सर्वेक्षण विभागाच्या कपाटात बंद होता, तो असा मागच्या दारानं जगभर पसरला. २००४ मध्ये इंग्लंडात ओपनस्ट्रीटमॅप सुरू झालं. त्यात रस्ते, ओढे, पायवाटा लोकच काढतात. ही माहिती आणि रडारची उंची एकत्र केली की टोपो नकाशा तयार होतो, आणि तो कुणालाही वापरता येतो.

दिल्ली हळूहळू वितळली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१६ मध्ये गाडं उलटं फिरतंय असं वाटलं. नकाशाच्या माहितीवर परवाना लादणारं, सात वर्षांपर्यंत तुरुंग आणि शंभर कोटींपर्यंत दंड सुचवणारं विधेयकाचं प्रारूप सरकारनं पुढे केलं. सुदैवानं ते तिथेच विरलं. २०१७ मध्ये, सर्वेक्षण विभागाच्या अडीचशेव्या वर्षी, जनतेच्या मालिकेतल्या शीट आधार क्रमांक देऊन फुकट उतरवून घेण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय माणसांना आणि कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे बनवायला मोकळीक दिली. एवढं सगळं घडायला स्वातंत्र्यानंतर सत्तरहून अधिक वर्षं जावी लागली.

आता दुकानात जाऊ. या इतिहासातून निघणारा सल्ला असा, की नकाशासाठी पैसे मोजू नका, नकाशा आत घालता येईल अशा यंत्रासाठी मोजा. कमी पैशांत जीपीएस घेणारे नेमकं याच्या उलटं करतात. स्वस्त म्हणून बिननकाशाचं यंत्र उचलतात आणि मग ते फक्त आल्या वाटेनं परत फिरायला वापरतात. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतलं १० हे मॉडेल किंवा २०२३ मध्ये आलेलं एसई ही यंत्रं टिकाऊ आहेत, एसईचे सेल तर कितीतरी दिवस पुरतात. पण पडद्यावर डोंगर दिसत नाही. समोरचा नाला कड्यावरून पडतो की उताराला लागतो, हे त्यांना सांगता येत नाही.

माझ्या मते काठावरची योग्य निवड म्हणजे ईट्रेक्स २२एक्स किंवा त्याच्या आधीचं २०, २०एक्स. २२एक्स २०१९ मध्ये अमेरिकेत दोनशे डॉलरला आलं. आपल्याकडे आयातीचा खर्च चढल्यावर किंमत वाढते, म्हणून वापरलेलं मिळालं तरी संकोच करू नका. पाहायचं ते एवढंच. मेमरी कार्डची खाच हवी, कारण फुकटचा नकाशा तिथूनच आत जातो. दोन पेन्सिल सेलवर चालणारं हवं, कारण पारोळच्या किंवा शिरसाडच्या टपरीवर पेन्सिल सेल मिळतो, खास बॅटरी मिळत नाही. घरी चार्ज करायचे चांगले सेल घेतले तर खर्च आणखी उतरतो. बटणं हवीत, टचस्क्रीन नको. जुलैतल्या तुंगारेश्वरमध्ये ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवून पाहिलेल्या कुणालाही विचारा.

त्याच घराण्यातल्या ३२एक्सला तीनशे डॉलर पडत. वरच्या शंभरात मिळतो हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर आणि कसंही धरलं तरी दिशा दाखवणारा कंपास. आपल्या कामाला यातलं काही लागत नाही. नकाशावर तुमची जागा बरोबर असेल तर उंची शेजारच्या कंटूरवरून कळतेच. उलट पावसाळ्यात दाब दिवसभर वरखाली होतो. तो एक मिलिबार उतरला की यंत्राला वाटतं तुम्ही आठ-नऊ मीटर चढलात, मग तुम्ही झाडाखाली बसून भाकरी खात असलात तरी. तेच पैसे साध्या चुंबकी होकायंत्रावर आणि टोपोशीटच्या मोठ्या छपाईवर घाला. सव्वादोन इंचाच्या पडद्यात डोंगराचा आवाका कधीच कळत नाही. कागदावरच तो एका नजरेत येतो.

वसईत अशी यंत्रं पुष्कळदा बाहेरून येतात. आखातात किंवा कॅनडात कुणीतरी असतंच, सुटीवर येताना घेऊन येतं. अशा यंत्रात नकाशा त्या देशाचा असतो, इथला भाग जवळजवळ कोरा दिसतो. त्यानं बिचकू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर बेतलेला, कंटूर असलेला भारताचा नकाशा गार्मिनला समजेल अशा स्वरूपात फुकट मिळतो, तो कार्डवर टाका. सर्वेक्षण विभागाच्या शीटचा तुकडा केएमझेड फाइल करून या यंत्रांत घालता येतो. पण नातेवाइकाला एक गोष्ट बजावून ठेवा, की इनरीच असं लिहिलेलं मॉडेल आणू नकोस. त्यातून उपग्रहामार्फत संदेश जातात, आणि दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशावर याच कारणानं कारवाई झाली.

मोबाइल पुरत नाही का? बहुतेकांना पुरतो, हे कबूल करायला हवं. मोबाइलचा जीपीएस टॉवरशिवाय चालतो, नकाशा आधी उतरवून घेतला की झालं. महिन्यातून एकदा उन्हाळी-हिवाळी भटकंती करणाऱ्यानं वेगळं यंत्र घेऊच नये. पण पावसात, दोन दिवसांच्या वाटेवर, आणि पोरांची टोळी घेऊन निघणाऱ्या संस्थेला एक यंत्र सामायिक असावं. ते एका माणसानं विकत घेण्याची गरज नाही. मोबाइल तेव्हा बंद करून पिशवीत ठेवायचा, फोन करायची पाळी आली तर.

आता एव्हरेस्टचे आकडे. जुनी ४७ ए/१५ त्यांवर बेतलेली, जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर. जुन्या शीटवरून अक्षांश-रेखांश काढून थेट यंत्रात भरले तर आपल्या भागात खूण शंभरएक मीटर सरकते. अमेरिकेनं २००० मध्ये काढून टाकलेली चूक आपण घरबसल्या परत घालून घेतो. नव्या मालिकेची शीट वापरली तर हा घोळ नाही, ती डब्ल्यूजीएस-८४ वरच आहे. झेरॉक्स हाती आली तर आधी कोपऱ्यातला मजकूर वाचा, कुठल्या मापावरची आहे ते पाहा.

आणि कंटूरवर डोळे झाकून विसंबू नका. २० मीटरच्या रेषांमध्ये पंधरा मीटरचा कडा सहज लपतो. रडारला दाट झाडीचे शेंडेही जमीनच वाटतात. पायवाटांचं तर विचारूच नका. कागदावरची वाट कधीच बुजलेली असते आणि रोजची वाट कागदावर नसते. वारली, मल्हार कोळी, कातकरी पाड्यांवरच्या माणसाला विचारून, त्याच्याबरोबर चालून ती वाट ओपनस्ट्रीटमॅपवर चढवणं, पाड्याचं नाव तिथे म्हणतात तसंच लिहिणं, हे यंत्र विकत घेतलेल्यानं करावं असं काम आहे. पहिल्यांदाच या पट्ट्याचा नकाशा इथल्या माणसाला स्वतः दुरुस्त करता येतोय.

नकाशा वाचता येणं म्हणजे काय, याचं उदाहरण चिंचोटीच्या धबधब्याचं घ्या. २०१८ च्या जुलैत या धबधब्यापाशी ओढ्याला पाणी चढून शंभराहून अधिक माणसं अडकली. दर पावसाळ्यात तिथे बंदीचे फलक लागतात आणि दर पावसाळ्यात गर्दी जातेच. कंटूर उघडून पाहा. वरच्या पठाराच्या उतारावर रेषा जागोजागी आत वळलेल्या दिसतात, प्रत्येक वळणाचं टोक चढाकडे. तशी प्रत्येक जागा म्हणजे एक ओहोळ, आणि ते सगळे खाली एकाच घळीकडे निघालेत. वर तासभर कोसळलं की ते पाणी कुठे आणि किती वेगानं येणार, हे कागदावर आधीच मांडलेलं आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही, दहावीचा भूगोल पुरतो.

जुलै २०१८ मध्येच हा नकाशा दुसऱ्या ठिकाणी मात्र मुका ठरला. नालासोपारा आणि वसईच्या रुळांवर पाणी चढलं, गाड्या थांबल्या, मिठागरातली कुटुंबं पाण्यात अडकली. डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची बहुतेक सपाटी २० मीटरच्या पहिल्या रेषेच्याही खाली आहे. तुंगारचा साडेसहाशे मीटरचा उठाव रेखीव काढणारी ४७ ए/१५ लाखो माणसं राहतात त्या जागी जवळजवळ कोरी आहे. इथे कुठली सोसायटी बुडणार आणि कुठली वाचणार हे अर्ध्या-एक मीटरवर ठरतं. कुठला भराव कुठल्या नाल्याच्या आड आला, पाणी साठवणारी बावखळं कुठे होती आणि त्यांवर आता काय उभं आहे, हे ना टोपोशीटवर दिसतं ना कुठल्या जीपीएसवर.

ही सपाटी अर्ध्या मीटरच्या रेषांनी मोजायला आज कायद्याची आडकाठी नाही. २०२१ नंतर ते काम महानगरपालिकेला एखाद्या भारतीय कंपनीकडून करून घेता येतं आणि छापून प्रत्येक वॉर्ड ऑफिसात लावता येतं. भराव टाकण्याचा परवाना मागणाऱ्याला त्या नकाशावर बोट ठेवून जागा दाखवायला लावावी. नकाशा झाला तर तो प्रतिबंधित करण्याचा मोह या वेळी संरक्षण खात्याला होणार नाही, बिल्डरांना होईल. म्हणून तो फुकट उतरवून घेता येईल अशी अट निविदेतच घालावी लागेल.